मागून घेतलेली फटफटी

बन्सीलाल मिस्त्रीने मातीत बसकण मारली, फटफटीच्या इंजिनावर पाना ठोकून पाहिला आणि मान हलवली. "सुकलालभाई, हिच्या पोटात अजून अडुसष्टच्या पुरातली तापी आहे. पिस्टन धरून बसलाय. म्हणाल तर होईल नीट. पण घरात चालवणारं कोण?"

सुकलालने ओट्याकडे पाहिलं. लिंबायतच्या त्या बोळात तो यंत्रमागावरचा मास्तर. त्याच्या एका हाकेवर चोवीस माग थांबायचे. पण आज ओट्यावर सासरा बसला होता. अमळनेरकडून सकाळच्या पॅसेंजरने आलेले भिकनमामा. मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

फटफटी मुळात मामांचीच, लष्कराच्या लिलावातली. मामा देवीची लस टोचणारे. तिचा आवाज आला की गावोगावची पोरं ज्वारीत लपायची, आणि आया हसत हसत त्यांना धरून आणायच्या.

"सासऱ्याने दिली म्हणता? मोठं मन माणसाचं!" बन्सीलाल म्हणाला.

"हौसेनं दिली," मामा ओट्यावरून म्हणाले. "एकुलती लेक, एकुलता जावई."

सुकलालला चटका बसला. तेरा वर्षं बोळात त्याने हेच सांगितलं होतं. खरं काय ते मांडवाला ठाऊक. लग्नाच्या पंगतीत जावयाने रुसायचं, अंगठी मागायची, घड्याळ मागायचं, सासऱ्याने हसून द्यायचं, अशी रीत. सुकलालने मित्रांनी फूस लावली म्हणून फटफटी मागितली आणि ताटावरचा हात काढून घेतला. नवरदेव जेवेना, म्हणून वऱ्हाड जेवेना. मांडे गार झाले, लेकरं भुकेने रडू लागली. तेव्हा मामा उठले आणि फटफटी ढकलत थेट पंगतीत आणून उभी केली. दुसऱ्या दिवसापासून लशीची पेटी खांद्याला अडकवून ते पायी निघाले. नदी आली तर नदीतून, काटा आला तर काट्यातून.

आणि सुकलालने तिचं काय केलं? पूर आला तेव्हा सूत गुंडाळलेले कोन माळ्यावर चढवले, ती खालीच राहिली. आता तिच्यावर गोधड्या वाळतात.

मामा गुडघ्यावर हात देत हळूहळू उतरले. उपरण्याचं टोक थुंकीने ओलं करून त्यांनी टाकीवरचा चिखल पुसला, लेकराचं नाक पुसावं तसा.

सुकलालला ते पाहवेना. "मामा, नीट करून घेतो. तुम्ही परत घेऊन जा."

"लेकीच्या दारातून वस्तू नेऊ? काय बोलता जावईबापू! आणि हे गुडघे किक मारतील होय?"

त्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"हौसेनं नव्हती दिली," सुकलाल एकदम बन्सीलालकडे वळून म्हणाला. "मी ताटावर अडून बसलो होतो. सगळं वऱ्हाड उपाशी ठेवलं." दारात त्याची बायको कलाबाई चहाचे कप घेऊन थबकली. "आणि मला चालवता येत नाही. पहिल्याच दिवशी पडलो. मग ढकलत न्यायचो, आणि कोणी दिसलं की उतरल्यासारखं करायचो."

बन्सीलालने हसू गिळलं. कलाबाईने नाही गिळलं. "अगं बाई! आणि मला तेरा वर्षं सांगतात, पेट्रोल महाग झालंय!"

मामा हसले नाहीत. बराच वेळ ते सीटच्या फाटक्या चामड्यावरून हात फिरवत राहिले.

"मिस्त्री, करा हिला," ते शेवटी म्हणाले.

"पण चालवणार कोण, बाबा?"

"हा चालवेल. पंधरा दिवस राहतो मी. शिकवतो." मग सुकलालकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे करत म्हणाले, "बस वर."

"आत्ता? बंद गाडीवर?"

"बंद गाडीवरच शिकतात. बस."

नळावरच्या बाया घागरी टेकवून बघत होत्या. पाळी सुटलेले त्याचेच कारागीर चहाच्या टपरीपाशी थांबले होते. सुकलाल टांग टाकून बसला. त्याचे कान तापले, पाय जमिनीला नीट टेकेनात. मामांनी त्याची बोटं एकेक करून हँडलच्या मुठीवर बसवली.

"हा क्लच. दाब."

"तार तुटलीय, मामा."

"तरी दाब."

सुकलालने दाबला.

"पुन्हा," मामा म्हणाले.