छबूबाईच्या तोंडापुढचा माईक

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे बघून हसू नका. मी एक जुना माईक आहे. परभणी जिल्ह्यात बोरीजवळच्या एका गावात नाट्यमंडळ आहे, त्याचा मी. कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, तोंडावर लोखंडी जाळी बसवली आणि परभणीच्या दुकानात काचेमागे ठेवले. मंडळाने मला घरी आणले तेव्हा नारळ फुटला, हळदकुंकू वाहिले. मला वाटले, आता आपला थाट काय विचारता!

थाट कसला, डोंबलाचा! जो तो यायचा, तोंडावर फुंकर मारायचा, टपली द्यायचा आणि 'हॅलो, हॅलो' करायचा. लग्नातले आहेर मी पुकारले, हरवलेल्या म्हशी पुकारल्या, पुढाऱ्यांची भाषणे मुकाट्याने सोसली. पण दिवाळीच्या नाटकात माझे चीज व्हायचे. कुणी रडले की बायका डोळ्यांना पदर लावायच्या, आणि लोक म्हणायचे, माईक असावा तर असा. पुढे बिनतारी माईक आले. मी पेटीत गेलो आणि उंदरांनी माझी वायर कुरतडली.

आता मला वर्षातून एकदाच बाहेर काढतात, ते निवडीला. घटस्थापनेच्या दिवशी मारुतीच्या पारावर नाटकाची पात्रे निवडतात. ज्याला काम हवे त्याने वर यायचे आणि नाटकातला एक उतारा म्हणून दाखवायचा. मंडळाचे अध्यक्ष व्यंकटराव म्हणतात, "निवडीला कशाला नवा माईक? जुनाच काढा." एक गोष्ट मला कधी कळली नव्हती. दिवाळीला नाटकापुढच्या सतरंज्या अर्ध्या रिकाम्या असतात, आणि निवडीला मात्र मुंगीला शिरायला जागा नसते!

यंदाही तशीच गर्दी झाली. पोरे रडत होती, शिट्ट्या वाजत होत्या. व्यंकटराव वैतागले आणि त्यांनी जाहीर केले, "लय झाला गलका. पुढच्या सालापासून निवड बंद खोलीत."

तेवढ्यात छबूबाई वर आली. ऊसतोडीला जाणारी, चाळिशीतली बाई. डोक्यावरचा पदर सावरून माझ्यापुढे उभी राहिली.

"आईचा पार्ट पायजे मला," ती म्हणाली.

व्यंकटराव म्हणाले, "छबू, तू दिवाळीला गावात असतीस का?"

"न्हाई आबा. दसऱ्याला टरक येतंय, आमी जाताव."

"मग कामून आमचा येळ घालवायलीस?"

मला वाटले, आता ही खाली उतरणार. पण तिने माझा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला. कोयत्याने घट्टे पडलेले ते तळवे मला चांगलेच टोचले.

"आबा, आमची दिवाळी उसाच्या फडात. नाटक आमी कवा बगितलंच न्हाई. आमाला घावती ती ही निवड. भाकरी बांधून, लेकरं घिऊन आमी येताव, ती ह्याच्यासाठी. हेच आमचं नाटक. तुमी दार लावून घेतलं तर आमी काय बगावं?"

सतरंजीवरच्या बाया माना हलवत होत्या. खरेच, ही सगळी दसऱ्यानंतर घराला कुलूप लावणारी माणसे होती.

"मला वाचता येत न्हाई," छबूबाई म्हणाली, "पर समद्यांचं ऐकून पाठ झालंय. एकडाव म्हनू द्या."

उतारा होता परगावी निघालेल्या मुलाला आई निरोप देते तो. सगळ्यांनी तो ओरडून म्हटला होता. छबूबाईने अगदी हळू म्हटला. "जा बाळा. जेवणाची वेळ झाली की आठवण काढत जाईन, तेवढी काढू दे." देवाशपथ सांगतो, माझी वायर त्या दिवशी खरखरली नाही. तिचा आवाज मी जिवाच्या आकांताने शेवटच्या माणसापर्यंत पोचवला.

नाटक बसवणारी प्रियंका जिंतूरच्या कॉलेजात शिकवते. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आबा, आई हीच. आपण नाटक दसऱ्याला करू."

"नऊ दिवसांत? नाटक म्हंजी पोरखेळ हाय व्हय?"

"चुकलं तर चुकू द्या. बघायला गाव तरी असेल."

व्यंकटरावांनी त्या गर्दीवरून नजर फिरवली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "करा."

प्रियंकाने माझी वायर दुरुस्त करून आणली. बिनतारी माईक समोर असूनही छबूबाई म्हणाली, "मला जुनाच ऱ्हाऊ द्या. ह्याला धरायला येतंय." मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते सांगता येत नाही.

दसऱ्याला भर दुपारी नाटक सुरू झाले. सीमोल्लंघनाचा मुहूर्त साधायला ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाने ट्रक पाराशेजारीच आणून लावला होता. वर गाठोडी, भांडी, बांधलेली शेळी. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि सतरंजीवरची माणसे दचकायची. छबूबाईचा निरोपाचा प्रवेश अगदी शेवटी होता. तो येईपर्यंत ट्रक थांबतो की नाही, याच धास्तीने मी अर्धा झालो.

तो प्रवेश आला. छबूबाई प्रवासाचे लुगडे नेसूनच उभी होती. पहिल्याच वाक्याला हॉर्न थांबला. मुकादम खाली उतरला आणि सतरंजीच्या कडेला येऊन बसला.

नाटक संपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवताच अर्धी माणसे उठून ट्रककडे निघाली. छबूबाईही पायऱ्या उतरली. व्यंकटरावांनी तिच्या हातात आपट्याची पाने दिली. "छबूबाई, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," ते म्हणाले. छबूबाईने पाने कपाळाला लावली, पदरात बांधली आणि ती ट्रकवर चढली.

मला कुणी बंद केले नव्हते. ट्रकचा आवाज भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू जात राहिला, तो बोरीच्या वळणापर्यंत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची वायर वेळेवर बघत जा, तोंडावर फुंकर मारू नका. आणि तुमच्या गावात सणाला कोण घरी नसते, ते एकदा विचारा. सण पुढेमागे करता येतो.