बाहेरची कडी

धाकट्यानं लिहिलेली पानं दाराखालून बाहेर सरकवली आणि कान देऊन बसला. पलीकडे खुर्ची सरकली, पावलं आली, पानं उचलली गेली. मग त्याच फटीतून कागदाच्या घडीवर ठेवलेलं एक बिस्किट आत आलं. त्यानं ते उचललं, फुंकर मारली आणि तोंडात टाकलं.

धाकटा म्हणजे काही शाळकरी पोर नव्हे. चाळिशी उलटलेली, कानशिलं पांढरी झालेली, पोट सुटलेलं. पण घरात माणसं दोनच, ताई आणि हा, तेव्हा धाकटा तो धाकटाच राहिला. आई गेली तेव्हा ताई नुकती नोकरीला लागली होती, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर, आणि याला धड बुटाची नाडी बांधता येत नव्हती. परीक्षा आली की ताई याला खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. गणितं दाराखालून बाहेर जायची, बरोबर असली की बिस्किट आत यायचं. त्याशिवाय हा पठ्ठ्या एका जागी बसायचाच नाही. आजही बसत नव्हता. सुरुवात करायला एक नंबर, शेवटाला आलं की अंग काढून घ्यायचं. अर्धवट नाटकांचा ढीग पलंगाखाली धूळ खात पडलेला होता.

यंदा मात्र जीव टांगणीला होता. मुलांची नाटकं करणाऱ्या बाईंनी त्याला एक जुनी गोष्ट नव्यानं लिहायला दिली होती. जंगलात हरवलेलं पोर, त्याला झोपडीत कोंडून ठेवणारी चेटकीण म्हातारी, शेवटी पोर कडी मोडून पळतं आणि म्हातारीचं वाळकं खोड होतं. बाईंना ती म्हातारीच्या बाजूनं हवी होती. तिनं पोराला कोंडलं का, तेवढं सांगा, म्हणाल्या. आणि शुक्रवारी दुपारपर्यंत हातात पडलं नाही तर यापुढे मला तोंड दाखवू नका, हेही त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. दोनदा त्यांचे हात पोळले होते, त्यामुळे ते हसू खरं नव्हतं हे धाकट्याला कळत होतं. बाईंनी दार लावलं तर दुसरं कोणी उघडणार नव्हतं.

म्हणून त्यानं आपण होऊन ताईला सांगितलं होतं, की आठवडाभर कडी लाव. ताईनं साठवलेली रजा काढली, त्याचा फोन आपल्या कपाटात ठेवला आणि कडी लावली. हा हातानं लिहिणार, ती बाहेरच्या टेबलावर टाइप करणार. त्याचं अक्षर तिच्याशिवाय कुणालाही लागत नसे.

पहिले दिवस फुकट गेले. पोर जमलं, जंगल जमलं, पण घोडं पेंड खात होतं ते म्हातारीपाशी. तिला वाक्यं दिली की ती पुठ्ठ्याची वाटायची. नाक लांब, पाठीला पोक, बास. तो भिंतीकडे बघत बसला, नखं कुरतडली, दोनदा उगाच बाथरूमसाठी दार वाजवलं.

मग बाहेरून आवाज आला. ताई स्वयंपाकघरात गॅसचं बटण बंद आहे की नाही ते बघत होती, एकदा बघून झाल्यावर पुन्हा एकदा, आणि नेहमीसारखी स्वतःशीच म्हणत होती, “मी आहे म्हणून चाललंय बरं.”

धाकट्यानं ते वाक्य म्हातारीच्या तोंडी घातलं. आणि काय सांगावं, बया उठून उभीच राहिली की!

त्यानंतर त्याचा हात थांबेना. म्हातारी चूल विझली का ते दोनदा बघू लागली. पोरानं खाल्लेले घास मोजू लागली. “माझं काय, मी राहीन कशीही,” असं म्हणत चांगला तुकडा पोराच्या ताटात टाकू लागली आणि तो तुकडा पोराच्या घशात अडकू लागला. झोपडीपाशी एक कंदीलवाला येतो, तोही लिहून झाला. तो म्हातारीला, तेव्हा ती म्हातारी नव्हती, आपल्याबरोबर चल म्हणतो. ती नाही म्हणते. का? धाकट्यानं पेन्सिलीचं टोक चावलं आणि झरझर लिहिलं: “हे पोरगं माझ्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेऊ शकत नाही. एवढं सुख तू मला देशील का रे?”

वाक्य वाचून त्याच्या अंगावर काटा आला. स्वतःवरच खूश होऊन त्यानं पानं बाहेर सरकवली.

कंदीलवाला खराच होता, फक्त तो घड्याळं दुरुस्त करायचा. दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ बघायला यायचा आणि कारण नसताना थांबायचा. एकदा घरी आला होता. धाकटा तेव्हा याच खोलीत होता, परीक्षेचे दिवस, कडी बाहेरून. पुरुषाचा हळू आवाज, कप ठेवल्याचा आवाज, ताईचं “नाही जमायचं” आणि दार, एवढंच त्याला ऐकू आलं होतं. बाकीचं त्यानं पुढच्या आयुष्यात रिकाम्या वेळी आपल्या सोयीनं भरून काढलं.

बाहेर टाइपिंग चालू होतं. एकसारखं, दवाखान्याची सवय. मग ते थांबलं.

धाकट्याला वाटलं, पाणी प्यायला उठली असेल. पण खुर्ची सरकली नाही. आणि तेव्हा कुठे या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण पानं कुणाकडे सरकवतोय. दोन दिवस तो लिहिण्याच्या नादात हे पार विसरून गेला होता. पानं फटीतून गेली की गेली, पलीकडे कुणी माणूस असतं, वाचणारं, हे त्याच्या गावीच नव्हतं. त्यानं दाराशी जाऊन हात वर केला, पण वाजवायची छाती झाली नाही.

टाइपिंग पुन्हा सुरू झालं. त्याच वेगानं. थोड्या वेळानं फटीतून बिस्किटही आलं.

संध्याकाळी कडी निघाली. ताईनं चहा टेबलावर ठेवला आणि टाइप केलेली पानं बाजूला. कडा नीट जुळवलेल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खिडकीपलीकडच्या माणसाला “पुढचा” म्हणताना असतो तसा चेहरा.

“ताई, ते गोष्टीतलं आहे,” धाकटा म्हणाला.

“हो, गोष्टच आहे.”

“म्हणजे बाईंना तशी म्हातारी पाहिजे होती.”

“चांगली झालीय.” तिनं वरचं पान उचलून परत ठेवलं. “एक चुकलंय. तो दोनदा आला होता.”

धाकट्यानं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी चपला घातल्या होत्या,” ताई म्हणाली. “तुझी गणितं होईपर्यंत परत यायचं, तुला सांगायचं, असं ठरवलं होतं. तो जिन्यात उभा होता. तू आतून दार वाजवलंस.”

“का?”

“पाणी पाहिजे होतं तुला.”

“मग?” धाकट्यानं विचारलं. विचारताना त्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला होता. त्याला ते कळलं नाही, पण ताईला दिसलं. ती त्या हाताकडे जरा वेळ बघत राहिली.

“मग पाणी दिलं,” ती म्हणाली आणि रिकामी बशी उचलून बाहेर गेली.

आता कुणीही म्हणेल की बाबा, इथे तरी थांब. पेन्सिल ठेव, बाहेर जा, ताईच्या पायाशी बस. धाकट्यालाही तसंच वाटलं, अगदी मनापासून वाटलं, रडूही आलं. पण रडता रडता त्यानं कंदीलवाल्याला दुसऱ्यांदा झोपडीशी आणलं. म्हातारीच्या पायात चपला घातल्या. आतून पोराला पाणी मागायला लावलं. शेवट आपसूक सुचला, आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता. सकाळी त्यानं ती पानं दाराखालून सरकवली, कारण टाइप करणारं दुसरं होतं कोण! ताईनं टाइप केली. एकही अक्षर चुकलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या आत तो संहिता घेऊन बाईंच्या ऑफिसात उभा होता. बाईंनी त्याच्यासमोरच वाचली. चपलांच्या प्रसंगाशी आल्या तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे कुठून सुचतं हो तुम्हाला?”

“सुचतं,” धाकटा म्हणाला.

बाईंनी लगेच पुढचं काम दिलं. दुसरी गोष्ट, महिनाअखेर. आता तुमच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असंही म्हणाल्या. धाकटा जिना उतरला तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं ताईला काय काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव केली. आधी माफी, मग बातमी. नंतर वाटलं, आधी बातमी सांगावी. ती खूश झाली की माफी सोपी जाईल.

घरी आला तेव्हा ताई घरातच होती, कपाट आवरत होती. त्यानं बातमी सांगितली. “बरं झालं,” ती म्हणाली आणि त्याचा फोन त्याच्या हातात दिला. माफीचं वाक्य घशाशीच राहिलं. ते घेऊन तो खोलीकडे वळला तर दाराला बाहेरची कडी नव्हती. जिथे ती होती तिथला रंग अजून नवा दिसत होता आणि लाकडात स्क्रूची भोकं होती. कडी आणि तिचे स्क्रू टेबलावर एका बशीत काढून ठेवलेले होते, शेजारी पान्हे-पेचकसांची पेटी.

“हे काय?”

“गंजली होती,” ताई म्हणाली.

धाकटा आत जाऊन बसला. नवी गोष्ट समोर घेतली आणि दार लोटलं. जुनं दार, चौकट एका बाजूला बसलेली, त्याला कडीशिवाय टिकून राहायची सवयच नव्हती. ते आपोआप कुरकुरत उघडलं. त्यानं उठून पुन्हा लोटलं. ते पुन्हा उघडलं. मग त्यानं नाद सोडला आणि खुर्चीतूनच बाहेर बघत राहिला. कागदावर गोष्टीचं नाव लिहिलेलं होतं, त्यापुढे काही नव्हतं.

बाहेरच्या खोलीत ताई वाकून चपला घालत होती. खांद्याला पिशवी होती, केस नीट विंचरलेले. या वेळेला ती कधी बाहेर पडत नसे. कुठे चाललीस, असं विचारायचं त्याच्या मनात आलं. ते विचारायचा आपल्याला हक्क आहे का, हेच ठरेना. तोंड मात्र कोरडं पडलं, आणि तोंडातून आलं ते जन्मभराच्या सवयीचंच आलं.

“ताई, पाणी.”

ताईनं वर पाहिलं. क्षणभर तिचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला. मग तिनं पट्टा अडकवला, सरळ उभी राहिली आणि पिशवी सावरली.

“स्वयंपाकघरात आहे,” ती म्हणाली, आणि बाहेर पडून तिनं जिन्याकडचं दार मागे ओढून घेतलं.