व्हॅनकाकूंच्या नावावरचा कोड

व्हॅनकाकूंना डिमेन्शिया आहे, ही बातमी व्हॅनकाकूंनाच सगळ्यात शेवटी कळली. लायसन्सच्या नूतनीकरणाला लागणारं प्रमाणपत्र घ्यायला त्या रुग्णालयात गेल्या, तेव्हा खिडकीतल्या माणसाने संगणकात डोकावून मान हलवली. "तुमच्या नावावर डिमेन्शियाचा, म्हणजे विसरण्याच्या आजाराचा कोड आहे, काकू. तो असेपर्यंत प्रमाणपत्र नाही मिळणार."

शाळेच्या पोरांची व्हॅनमधून ने-आण करण्यात अर्धं आयुष्य गेलेली बाई. कोणाला मागच्या सीटवर मळमळतं, कोणाची आई दार उघडायला हमखास उशीर करते, सगळं तोंडपाठ. मध्ये आजारी पडल्या, तेव्हापासून लेकीने 'सध्या राहू दे' म्हणत व्हॅन बंद ठेवली होती. आता लायसन्सच गेलं तर व्हॅन कायमचीच गेली. घरात बसून भाज्या निवडत राहणं काकूंना जमणारं नव्हतं.

त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "मला म्हणे डिमेन्शिया झालाय!"

पलीकडे लेक जरा जास्तच गोड आवाजात म्हणाली, "आई, चिडू नकोस. तू ॲडमिट होतीस तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही. आणि चिडचिड होणं हेही त्यातलंच लक्षण आहे गं."

घ्या! भांडावं तर लक्षण, गप्प बसावं तर तेही लक्षणच असणार. काकूंनी फोन पर्समध्ये कोंबला आणि हा कोड देणारं माणूस बसतं तरी कुठे, याची चौकशी करत त्या निघाल्या.

ते माणूस तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत, अंगावर शाल घेऊन, दोन पडद्यांसमोर बसलेलं सापडलं. कोडिंगवाली तिशीतली होती. तिच्या खोलीत आजवर एकही रुग्ण आला नव्हता, त्यामुळे काकूंना बघून ती उठूनच उभी राहिली.

"तुम्ही ठरवलंत का मला डिमेन्शिया आहे ते?"

"मी काही ठरवत नाही, काकू. डॉक्टर जे लिहितात, त्याला नेमून दिलेला कोड लावते, बस." तिने काकूंचं ओळखपत्र पाहून नोंद उघडली. "तुम्ही इन्फेक्शनने भरती होतात. ताप, बडबड, माणसं ओळखता येत नव्हती. नर्सला थर्मामीटर फेकून मारलंत."

"मारलं असेल. मला आठवत नाही."

"तापातल्या भ्रमाला वेगळा कोड असतो, ताप उतरला की तो प्रश्न मिटतो. पण पुढे लिहिलंय, घरच्यांच्या सांगण्यानुसार दोन वर्षांपासून विसरणं चालू आहे. म्हणून डिमेन्शिया. थर्मामीटरमुळे 'चिडचिडीसह'. मग तुम्ही डोळे दाखवायला आलात, तिथे जुन्या नोंदीतून तो आपोआप उतरला. दात दाखवलेत, तिथेही."

"मग आता खोडा."

"मला नाही खोडता येत. स्मृती-विभागाच्या डॉक्टरांनी तपासून 'हा आजार नाही' असं लिहिलं, की मी लगेच काढते. शब्द देते तुम्हाला. फक्त रोज तुमच्यासोबत राहणारं कुणीतरी बरोबर न्या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय तिथले डॉक्टर काही लिहीत नाहीत."

स्मृती-विभागात लवकरची वेळ नव्हती. काकूंनी तिथल्या माणसाचा असा पिच्छा पुरवला, की शेवटी त्याने हात जोडून मधली एक वेळ दिली. रोज सोबत राहणारं माणूस म्हणजे काका. इस्त्रीचा शर्ट घालून ते निमूटपणे बरोबर आले.

डॉक्टरांनी तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. काकूंनी ते पाचही शब्द नंतर उलट्या क्रमाने म्हणून दाखवले. डॉक्टर हसले. जिंकले, असं काकूंना वाटलं. मग डॉक्टर काकांकडे वळले.

"इथे सगळं छान आहे. घरी काय अनुभव आहे?"

"इथे ती जमवते हो," काका हळू आवाजात म्हणाले. "घरी फार हाल आहेत तिचे. एकदा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. गॅस चालू राहिला, पातेलं जळून कोळसा झालं. एकदा बाजारातून घरचा रस्ताच सापडेना, शेजारच्यांनी आणून सोडलं. मी कुणाला बोललो नाही. आपल्या माणसाचं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?"

सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता.

फ्रिजमधला चष्मा काकांचा होता. दुधाच्या पातेल्याशेजारून काकूंनीच तो काढला होता आणि दोघं पोट धरून हसले होते. बाजारात हरवले होते तेही काकाच. आणि गॅस! तोही काकांकडूनच चालू राहिला होता. लेक रागावली तेव्हा काकूच पुढे होऊन म्हणाल्या होत्या, मीच विसरले गं. वडिलांना पोरीसमोर खाली मान घालावी लागू नये म्हणून. नंतरही दोन-तीनदा त्यांनी असंच केलं होतं. लेकीनेही डॉक्टरांना तेच सांगितलं असणार. काकांच्या म्हातारपणाच्या गमती म्हणून ज्या त्यांनी हसण्यावारी नेल्या, त्या गमती नव्हत्या. काकूंना हे कळत होतं. फार दिवसांपासून कळत होतं.

"काकू, हे सगळं घडलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

हो म्हटलं तर व्हॅन जाणार. नाही म्हटलं तर काका खोटे पडणार, आणि घरी गेल्यावर सगळं पुन्हा पहिल्यासारखंच चालणार. खरं सांगितलं तर आज काकूंचा कोड निघेल आणि काकांना लागेल. काकू डॉक्टरांकडे वळल्या.

"घडलं होतं, डॉक्टर. पण माझ्या बाबतीत नाही. यांच्या. मी पांघरूण घालत राहिले, चुकलं माझं. लेकीला फोन लावून तिने स्वतः काय पाहिलं ते विचारा, शेजाऱ्यांनाही विचारा. रस्ता कोणाला सापडत नव्हता ते शेजारी सांगतील."

डॉक्टरांनी खरंच दोन्हीकडे फोन केले. लेकीने सगळं आईच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि शेजाऱ्यांनी काकांनाच घरी आणून सोडलं होतं. मग बराच वेळ टंकत राहिले. काकूंना डिमेन्शिया नाही, तेव्हाचा भ्रम तापातला होता, आधीची नोंद चुकीच्या माहितीवर झाली होती, असं त्यांनी लिहिलं आणि ते वाचूनही दाखवलं. "हे आत्ता खाली कोडिंगला जाईल. प्रमाणपत्र तुम्हाला आजच मिळेल."

काका खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले होते. कोणाला फोन झाले, काय लिहिलं, यातलं फारसं त्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. त्यांनी काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "काय निघालं गं? घाबरू नकोस. काहीही असलं तरी मी आहे ना."

काकूंना रडू आलं. त्यांनी ते आवरण्याचा प्रयत्नही केला नाही. डोळे पुसले, हात मात्र काकांच्या हातातच राहू दिला, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"यांची नोंद उघडा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्या दिवसापासून सांगते. या वेळी एकही गोष्ट माझ्या अंगावर घेणार नाही."