आणखी कोणी वारस?

"आणि 'नाही' म्हटलं, तर?" दादाने फोनवर विचारलं.

"तर सरळ शेवटच्या पानावर. ज्याला दुसरा वारसच नाही, त्याला बाकीचे प्रश्न विचारून कशाला पिडायचं?"

"आणि 'होय' म्हटलं की?"

"मग फॉर्म विचारतो, किती? तितक्या चौकटी उघडतात. प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, फोन. मग त्या प्रत्येकाला संदेश जातो. सगळ्यांनी संमती दिल्याशिवाय घर कुणाच्या नावावर चढत नाही. पण तुला कशाला रे हे?"

"ऑफिसातल्या एकाला भरायचाय. हुशार आहेस हं, ठमे."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खुशीत होती. नोंदणी कार्यालयात लागून तिला चौदा वर्षं झाली होती. 'तुझं ते कॉम्प्युटरचं' यापलीकडे तिच्या कामाची चौकशी घरात कधी कुणी केली नव्हती.

वारसनोंदीचा जुना कागदी फॉर्म नऊ पानांचा होता. म्हातारी माणसं खिडकीशी उभी राहून 'लागू नाही, लागू नाही' लिहून हात दुखवून घ्यायची. तिने मोठ्या कारकुनांच्या शेजारी खुर्ची टाकून चार महिने नुसतं ऐकलं. लोक कुठे अडतात, कुठे खोटं बोलतात, कुठे रडतात, सगळं टिपलं. मग असा फॉर्म बांधला की तो माणसाचं उत्तर ऐकून पुढचा प्रश्न ठरवी. लग्न न झालेल्याला तो बायकोचं नाव विचारत नसे. लोक तिला 'फॉर्मवाल्या बाई' म्हणू लागले होते.

आदल्या दिवशीचे अर्ज कुठे अडखळले, हे ती रोज सकाळी पाही. त्या फोननंतर तीन आठवड्यांनी एका अर्जापुढे 'अकरा मिनिटं' असं दिसलं. 'आणखी कोणी वारस आहेत का?' या एकाच प्रश्नावर कुणीतरी एवढा वेळ थांबलं होतं. प्रश्न समजत नसेल, शब्द बदलायला हवेत, असं मनाशी म्हणत तिने अर्ज उघडला.

मयताच्या जागी बाबांचं नाव होतं. अर्जदार दादा.

बाबांना जाऊन सात महिने झाले होते. शेवटची दोन वर्षं शनिवार-रविवार तिने त्यांच्या उशाशी काढले होते. घराचं काय करायचं, असं तिने विचारलं की दादा म्हणे, "घाई काय आहे? आपण दोघंच तर आहोत."

अर्जाचा माग तिने ओळीने वाचला. आधी 'होय'. किती? एक. चौकट उघडली. मग अकराव्या मिनिटाला 'नाही'. चौकट मिटली. 'नाही' म्हटलं की चौकटीतलं सगळं आपोआप पुसलं जावं, हा नियम तिनेच घातला होता.

ती उठून मोठ्या कारकुनांकडे गेली. त्यांनी चष्मा वर सरकवून अर्ज पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"हरकतीला तीस दिवस आहेत," ते म्हणाले. "अर्जाला मात्र तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावणार."

"पाणी पी आधी."

जिन्यात उभं राहून तिने दादाला फोन लावला.

"ऑफिसातल्या मित्राचं झालं का काम?"



"ठमे, ऐक. मी सांगणारच होतो. तुझं तिकडे सगळं छान चाललंय. इथं माझी मुलं मोठी होतायत, वहिनी म्हणते की—"

"वहिनीला मधे आणू नकोस. 'होय' तू दाबलंस आणि 'नाही'ही तूच."

"तुला ते दिसतं?"

"मागितलं असतंस तर सही करून दिली असती, दादा."

"दिली असतीस?" त्याने विचारलं. तिने फोन बंद केला.

दुपारी ती रजा टाकून बाहेरच्या रांगेत उभी राहिली आणि चारचौघांसारखी हरकत नोंदवली. खिडकीवरच्या मुलीने 'मॅडम, तुम्ही आत या ना' म्हटलं. ती जागची हलली नाही.

सुनावणी वीस दिवसांनी झाली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाकावर दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. मोठ्या कारकुनांनी फारसं काही विचारलं नाही. "खोट्या माहितीचं प्रकरण करायचं, की अर्ज दुरुस्त करता?" एवढंच म्हणाले.

"दुरुस्त करतो," दादा खाली बघत म्हणाला.

त्याला कोपऱ्यातल्या संगणकाशी बसवलं. त्याचा चष्मा घरी राहिला होता. मदतीला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून तीच बाजूला जाऊन उभी राहिली. त्याने 'होय' दाबलं. चौकट उघडली. त्याने तिचं नाव एकेक अक्षर शोधत लिहिलं. नातं, सख्खी बहीण. फोन त्याला तोंडपाठ होता.

जन्मतारखेशी त्याचं बोट थांबलं. त्याने वर पाहिलं.

दर अर्जदाराला सांगे तशी, सावकाश, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, तिने तारीख सांगितली. त्याने ती भरली.

"आता 'पुढे' दाबा," ती म्हणाली.