आईच्या वाटणीचा लसूण

"लसणाला हात आखडू नकोस, सेंगदा. तिकडं मला अळणी जेवायला लावू नकोस."

आईचं शेवटचं सांगणं एवढंच. उत्तर थायलंडातलं आमचं गाव लसणाचं. घराघराच्या ओसरीवर जुड्या टांगलेल्या, लाम्फूनच्या बाजारात आमच्या लसणाला नाव. भन्त्यांच्या भिक्षापात्रात आपण जे घालतो तेच आपल्या गेलेल्या माणसांच्या पानात पडतं, असं आम्ही मानतो. म्हणून रोज पहाटे पंचशील म्हणून झालं की मी चूल पेटवायची, आईच्या नावानं मूठभर लसणाची फोडणी द्यायची आणि दारापुढे अनवाणी गुडघे टेकून बसायची.

पात्र घेऊन समोर येणारे भन्ते म्हणजे माझा धाकटा भाऊ इन्थोन. भिक्खूचं वस्त्र, चीवर, घेतल्यापासून भन्ते धम्मधीरो. लहानपणी मी त्याला मांडीवर घेऊन भरवलं. आता माझं बोटही त्यांच्या चिवराला लागता कामा नये. मी वाकायचं, त्यांनी मंगल म्हणायचं. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट जन्माचं सार्थक वाटायचं.

यंदाच्या वर्षावासात त्यांनी आईसाठी व्रत धरलं. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि पात्रात पडेल तेच. पात्रात न मावलेलं घ्यायला मागे पिशव्या घेऊन चालणारं कोणी नाही. काही मागायचं नाही, दिलेलं नाकारायचं नाही. अशा भिक्खूला दिलेलं दान कितीतरी पटीनं फळतं म्हणतात. गल्लीला उधाण आलं. शेजारच्या केओमावहिनींचं लसणी सॉसेज, कुणाची कोवळ्या फणसाची भाजी, कुणाची नारळाच्या दुधातली केळी, वर सोललेली, लिचीसारखी लोंगनं. सगळं एकाच पात्रात कालवलेलं.

आणि भन्ते वाळत चालले.

आधी मला ते तप वाटलं. मग दिसलं, की भिक्षेच्या फेरीत ते एक हात चिवराखाली पोटाशी दाबून चालतात, आणि शेवटचं घर झालं की पावलं जवळजवळ धावतात. उपोसथाला, आमच्या व्रताच्या दिवशी, विहार झाडायला जायची तेव्हा मागच्या दोरीवर त्यांचं आतलं चीवर दर वेळी ओलं असायचं. भावंडाला असलं काही विचारता येतं. भिक्खूला कसं विचारणार?

शेवटी विहारातल्या थोरल्या भन्त्यांनीच त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. मी गाडीत मागच्या बाकावर बसून गेले. डॉक्टरीण तरुण होती, पण रीत पाळून अंतरावर बसली.

"गाठ नाही, जखम नाही. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात," ती म्हणाली. "आतडी फार हळवी झालीत. जिवावरचं नाही हे, भन्ते."

"जीव नकोसा करणारं आहे," भन्ते हळूच म्हणाले.

"ते आहेच." तिनं मान खाली घातली. "सध्या लसूण-कांदा बंद. फणस, लोंगन, डाळी, नारळाचं दूध बंद. साधा भात, वाफवलेला मासा, गाजर, आलं. बरं वाटलं की एकेक पदार्थ थोडाथोडा परत घेऊन बघायचा. रोज इसबगोल, भरपूर पाण्यातून. कळ आली तर या पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्या."

"डॉक्टर, माझं जेवण मी निवडत नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे.

भन्ते आजारी आहेत हे गल्लीत पसरलं आणि औषधदानाची चढाओढ लागली. पुढच्या उपोसथाला तबकात काय नव्हतं! लसणाच्या अर्काच्या गोळ्या, मध, पोट साफ करणारा चहा, कसलीशी गुलाबी पावडर.

"टीव्हीवर दाखवतात ती," केओमावहिनी म्हणाल्या. "माझ्या भाचीची चरबी गेली तिनं."

"भन्त्यांना चरबी कुठं आहे, वहिनी?"

"म्हणून म्हणते, लवकर लागू पडेल!"

मी इसबगोलाचा डबा पुढे सरकवला, तर तो वहिनींनी उघडून नाकाशी धरला. "हा तर भुसा. भुसा म्हणजे अन्नच की! दुपारनंतर भिक्खूला अन्न कसं चालेल?"

"औषधाच्या दुकानातून आणलाय."

"पेपरमिंटही तिथंच मिळतं."

थोरले भन्ते हसले. "म्हशीनं खाल्ला तर अन्न, यानं घेतला तर औषध. घेऊ दे त्याला."

भन्ते धम्मधीरोंनी इसबगोल घेतला. पण श्रद्धेनं दिलेलं म्हणून तो चहाही घेतला, आणि ती पावडरही.

दोन दिवसांनी गावातल्या जुन्या मास्तरांचा अंत्यविधी होता. भिक्खू ओळीनं बसले होते, पाठ निम्म्यावर आला होता. भन्ते धम्मधीरो उठले. पाठ चालू असताना भिक्खू उठत नाही. लोकांनी बाजूला होऊन वाट करून दिली, आणि ते वळले तेव्हा चिवरावरचा डाग सगळ्यांनी पाहिला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका बाईनं हात जोडून डोळे मिटून घेतले, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी विहारात गेले. बाईनं भिक्खूशी एकटीनं बसू नये, म्हणून केओमावहिनींना सोबत नेलं. भन्ते चौथऱ्यावर, आम्ही खाली चटईवर.

"उपासिके, पौर्णिमेला मी चीवर उतरवतो, परत संसारी होतो," ते म्हणाले.

"आजाऱ्याला मागायची मुभा आहे, भन्ते. थोरल्या भन्त्यांनीही सांगितलंय."

"आहे. मग दारोदार सांगत फिरू, हे मला चालतं, ते चालत नाही? ते आपल्या मेलेल्यांसाठी घालतात. माझ्या पोटासाठी नाही."

त्यांनी चीवर गुडघ्यांवर ओढून घेतलं. मनगटं काटक्यांसारखी झाली होती.

"आक्का," ते म्हणाले. चीवर घेतल्यापासून ही हाक मी ऐकली नव्हती. "मला भूक लागते गं. आणि जेवायची भीती वाटते."

मी कपाळ चटईला टेकलं, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसू नये. तशीच म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत भिक्षेला निघा, भन्ते. पात्रात पडेल ते आपल्या पोटाला सोसेल. शब्द देते."

परतताना केओमावहिनी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "शब्द देताना गल्लीला विचारलंस?"

"तुमच्यापासून विचारते. तेवढे दिवस साधा भात घालाल?"

त्या वाटेतच थांबल्या. "आमचे हे गेले ते सॉसेज मागत मागत. दवाखान्यानं पेजेवर ठेवलं होतं त्यांना. घोट घोट पेज. तेव्हा मी दिलं नाही, बरे होतील म्हणून. आणि आता उकडलेलं गाजर पाठवू?" त्यांनी हात जोडले. "दुसरं काहीही माग, सेंगदा."

माझ्याही आईनं तेच मागितलं होतं.

सगळ्या घरी जाऊन आले. नाही कोणीच म्हणालं नाही. "इवलासा घालते हो लसूण, नावापुरता." प्रत्येक दारात इवलासा.

संध्याकाळचा पाठ झाल्यावर, निदान आपल्या घरचा साधा भात तरी जास्त घालावा म्हणून, मी माळ्यावरचं मोठं पातेलं काढून घासायला बसले. घासता घासता सुचलं, आणि हात थांबला. भिक्खूनं पात्राच्या काठापर्यंतच घ्यायचं असतं. पात्र काठाशी भरलं की झाकण लावायचं आणि परत फिरायचं. व्रतामुळे मागे पिशवी नाही. पहिलीच बाई काठोकाठ भरेल, तर बाकीच्या भरल्या हातांनी घरी जातील. रोज. त्यांची माणसं तिकडे उपाशी राहतील.

कुणाच्या हातातलं दान अडवणं, याहून मोठं पाप मला कोणी शिकवलेलं नाही. पातेलं लखलखीत होईपर्यंत मी घासत राहिले.

पहाटे पंचशील म्हटलं. भात केला, मासा आल्यात वाफवून केळीच्या पानात बांधला, गाजरं उकडली. सवयीनं हात लसणाच्या जुडीकडे गेला. जुडी परत खुंटीला लावली. आईच्या तसबिरीपुढे दिवा लावून म्हटलं, "आई, पौर्णिमेपर्यंत अळणी जेव." तिची नजर नेहमीसारखीच होती. मला ती तशी वाटली नाही.

दारात आले तर घरोघरी लसूण तडतडत होता. केओमावहिनींनी खिडकीतून डोकं काढलं.

"अगं, एवढं पातेलं घेऊन कुठं? तुझी जागा तर दारात!"

"विहाराच्या फाटकाशी उभी राहते आज."

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कढईतला उलथण्याचा आवाज थांबला.

मी चपला दारातच काढल्या, गरम पातेलं कमरेवर घेतलं आणि चालू लागले.