उंबर सरकला

नाताळाच्या आठवड्यात पाद्रीबाबा रूपरावच्या घरी जेवले. पोटभर जेवले, वरून ताकही प्यायले. पण रूपराव म्हणतो, कोणी आलं नाही, कोणी जेवलं नाही. तेव्हा ते जेवलेच नाहीत असं धरून आपण पुढे जाऊ.

ही अठ्ठ्याहत्तर सालची, आंजीकडची गोष्ट. रूपराव आणि मंगरू यांची वावरं लागून होती. मधे धुरा, म्हणजे बांध, अन् धुऱ्यावर उंबर. मंगरू ख्रिस्ती. महिन्यातून एकदा पाद्रीबाबा सायकलीवर यायचे, उंबराच्या सावलीत पाच-सहा माणसांची प्रार्थना घ्यायचे आणि मंगरूकडे भाकर खायचे. एवढंच. पण रूपरावला ती भाकर आपल्याच ताटातून गेल्यासारखी वाटायची. त्याच्या घरी तीन वर्षांत पाहुणा फिरकला नव्हता.

"काऊन वं, त्याच्या भाकरीले काय सोनं लागलं?" तो बायकोवर करवादला. "उंबर तं दत्ताचा! त्याच्याखाली पाद्री काऊन बसते?"

"तुमच्याखाली कोण बसन?" अनुसयाबाई म्हणाली. "साऱ्या गावासंग तुमचं भांडण. दत्त बी आला तं त्याले धुरा दाखवान तुमी."

कार्तिकात रूपराव तुरीआड कापूस वेचत होता. पलीकडून पाद्रीबाबांचा आवाज आला. "जक्कय म्हणून एक माणूस होता. बुटका, लोकांना नकोसा. गर्दीत त्याला प्रभू दिसेनात, म्हणून तो उंबरावर चढला. प्रभू खाली थांबले, वर पाहून म्हणाले, जक्कया, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे."

तेवढ्यात रूपरावचा बैल कपाशीत घुसला, अन् रूपराव बैलामागे धावला. म्हणून त्याच्याजवळ गोष्ट तेवढीच राहिली.

पण तेवढी पुरेशी होती. बुटका तो होताच. नकोसा असण्यात काही कमी नव्हतं. उंबर समोर होता.

पुढच्या खेपेला अनुसयाबाईला पुरण घालायला सांगून रूपराव सकाळीच झाडावर चढला. माणसं जमली. प्रार्थना सुरू झाली. प्रार्थना डोळे मिटून करतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वर कोणी पाहीना. धोतरात मुंगळे शिरले. तो खोकला. शेवटी त्याने एक उंबर नेम धरून पाद्रीबाबांच्या टकलावर सोडलं.

"कोण आहे?" पाद्रीबाबांनी वर पाहिलं.

"जक्कय!"

"रूपरावभाऊ, तुमी वर काय करून राह्यले?" मंगरूने विचारलं.

"तुले काय करा लागते? तुयाकडं रोज जेवते, आज माह्याकडं जेवन!"

पाद्रीबाबा हसले नाहीत. "रूपराव, लवकर उतरा. आज तुमच्याच घरी जेवतो."

रूपराव उतरला नाही, घसरत आला. ढोपरं सोलली. पण मंगरूच्या बायकोने, सुंदराने रांधलेली अंबाडीची भाजी आज तशीच राहणार, या विचाराने त्याला ढोपरं आठवलीच नाहीत.

जेवण झालं. ताक पिऊन पाद्रीबाबांनी विचारलं, "तो उंबर धुऱ्यावर होता ना? आता तुमच्या वावरात नांगराचं एक तास आत दिसतो."

दर साली नांगरताना धुरा थोडा थोडा मंगरूकडे गेला होता. तीन वर्षांत पुरतं एक तास, नांगराची अख्खी एक ओळ.

"झाड सरकलं," रूपराव म्हणाला.

"झाड?"

"उंबराचं काई सांगता येत नाई, बाबा."

पाद्रीबाबांनी मान हलवली. "जक्कयालाही झाडावरून प्रभू दिसले, अन् खाली आल्यावर स्वतःची करणी दिसली. ते झाड त्याकरताच उभं होतं. तो घरी म्हणाला, ज्याचं मी लुबाडलं, त्याला चौपट परत देतो."

"हे गोष्टीत हाये?"

"शेवटी आहे. तुम्ही तेव्हा बैलामागे गेलात."

रूपरावने मनात धुरा हलवून पाहिला. एकाचे चार. म्हणजे उंबर तीन तास आत, मंगरूच्या वावरात! तासांचं जाऊ द्या. झाडच त्याचं होणार, अन् त्याच्याखाली पाद्री जन्मभर बसणार.

"पाट उचल वं," तो ओरडला. "इथं कोणी जेवलं नाई!"

"राहू द्या तो पाट," अनुसयाबाई म्हणाली. "उद्या मंगरूभाऊले बलावलं म्या. येताना दोरी घेऊन येजो म्हटलं, धुरा मोजाले."

त्याच दुपारी रूपरावने अर्ज लिहिला.

"मा. तलाठी साहेब यांस, अर्ज करतो की, धुऱ्यावरील उंबर आपणहून सरकला असून त्यात अर्जदाराचा दोष नाही. सबब अर्जदाराचे घरी कोणीही जेवले नसल्याचा दाखला मिळावा. तसेच जक्कय नामक इसमाची गोष्ट झाडावरून उतरण्यापर्यंतच ग्राह्य धरून पुढील मजकूर रद्द करण्यात यावा व तशी नोंद सातबाऱ्यावर घेण्यात यावी, ही नम्र विनंती."