तिसरी शिंक

भिंगरीचे बाबा सुतार होते, आणि लाकडाच्या भुशाने त्यांच्या नाकाशी जन्माचं वैर धरलं होतं. रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांना तीन शिंका यायच्या. पहिल्या दोन साध्यासुध्या. तिसरी मात्र अशी, की टेबलावरचे कप उड्या मारून जमिनीवर! म्हणून घरात नियमच होता: पहिली शिंक आली की प्रत्येकाने आपला कप उचलायचा आणि तिसरी होईपर्यंत खाली ठेवायचा नाही.

बाबा वारले. पंधरा दिवसांनी, ऐन चहाच्या वेळी, त्यांचं कपाट शिंकलं.

एकदा. मग पुन्हा एकदा.

आईने कप उचलला, मामाने उचलला, भिंगरीनेही दुधाचा कप उचलला. तिघं कपाटाकडे डोळे लावून बसली. तिसरी काही येईना.

"येईल, येईल," मामा म्हणाला. "दाजी वेळ लावायचे, पण काम अर्धवट सोडायचे नाहीत."

आठवडे गेले. आई एका हाताने कपडे वाळत घालू लागली. मामा कप घेऊनच अंघोळीला जायचा आणि काठोकाठ भरून परत आणायचा. शाळेत बाईंनी विचारलं, "कप कशाला गं?"

"शिंक यायचीय, बाई."

"मग रुमाल आणायचा की!"

शेवटी मामा वैतागला. "उघडून बघू या का एकदा?"

"हात लावायचा नाही!" भिंगरी कपाटाला पाठ लावून उभी राहिली. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिसरी शिंक बाकी होती, म्हणजे बाबांचं काहीतरी अजून बाकी होतं. ती आली की संपलंच.

अडचण एकच होती, वेणीची. वेणी काही एका हाताने घालता येत नाही. भिंगरीच्या डोक्याचं पार घरटं झालं होतं. एका सकाळी आईने एक पेड हातात धरला, दुसरा दातांत धरला, आणि तिसऱ्यापाशी ती अडली.

"कप ठेव ना खाली, आई."

"कसा ठेवू? तिसरी व्हायचीय ना अजून."

आईचं बोट कपाच्या कानात सुजून अडकलं होतं. भिंगरी त्या बोटाकडे बघत राहिली. मग उठली आणि तिने कपाट उघडलं.

आत बाबांचा कामाचा शर्ट टांगलेला होता, खिशात पेन्सिलीचं थोटूक. भिंगरीने त्यात तोंड खुपसलं. भुसा उडाला. नाक हुळहुळलं. तिने ते घट्ट चिमटीत धरलं. नको, नको!

मग तिने आईच्या बोटाकडे पाहिलं, आणि नाक सोडलं.

कपाटाचं दार धाडकन आपटलं. मामाचा कप छताला जाऊन आला.

"अगदी त्यांचीच!" आई म्हणाली. तिने साबण लावून बोट सोडवलं, कप टेबलावर ठेवला आणि भिंगरीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. दोघी पोटभर रडल्या. मामा तुकडे गोळा करता करता म्हणाला, "माझाच बरा सापडला!" आणि तोही रडला.

त्या दिवशी भिंगरी दोन वेण्या घालून शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली. कपाट गप्प होतं. भिंगरीने दुधाचा घोट घेतला, कप ठेवला, आणि तिचं नाक हुळहुळलं.

"आ... छी!"

"उचला!" मामा ओरडला.